घाडीसाहेबांची तक्रार

मुलुंड पश्चिमेला रिक्षावाले जिथे "इसके आगे नहीं" म्हणून हात झटकतात, तिथून पुढे चढावर आमची वस्ती सुरू होते. वस्तीतलं शेवटचं घर राजाराम घाडीचं. त्याच्या मागे जंगलखात्याची भिंत आणि भिंतीमागे जंगल. घराच्या बाजूला दोन रिक्षा कशाबशा उभ्या राहतील एवढी मोकळी जागा. तेवढ्यात राजारामने लाल माठ, अळू, मिरच्या आणि दुधीचा एक वेल लावलेला, कोपऱ्यात शेवगा. ह्या चिमूटभर जागेला तो "माझी वाडी" म्हणायचा. मालवणकडचा माणूस तो. नारळ-पोफळी नसल्या म्हणून काय झालं, वाडी ती वाडी.

वस्तीत सगळे त्याला तोंडावर घाडीसाहेब म्हणत आणि पाठ वळली की बगळा. दोन्ही नावं तलावावरची. डोंगरापलीकडे पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, तिथे राजाराम उभी हयात वॉचमन होता. खाकी शर्ट, काखेत छत्री, एका पायावर भार टाकून काठावर तासन्‌तास पाण्याकडे बघत उभा. बगळा नाही तर काय म्हणणार? फरक एवढाच की बगळा मासे खातो. ह्याने त्या तलावातला एक मासा कधी खाल्ला नाही आणि दुसऱ्याला खाऊ दिला नाही.

खरं सांगायचं तर हेच लोकांना खुपलं. एखादा रोहू पिशवीत घालून घरी नेला असता, "जा रे, पण उद्या दिसू नकोस" म्हणून डोळेझाक केली असती, तर लोकांनी त्याला आपला म्हटलं असतं. शिव्या घातल्या असत्या, पण चहालाही बोलावलं असतं. राजारामचं तसलं काही नव्हतं. परवाना नाही तर गळ नाही. पावसाळ्यात तर पाण्याजवळ फिरकायचंसुद्धा नाही, कारण तेव्हा माशांची वीण असते. "अरे, पोटुशी असते ती! पोटुशीवर कोण हात उचलतो काय?" असं तो काठावरून ओरडायचा आणि समोरचा फिदीफिदी हसायचा, कारण त्याच्या डोळ्यांपुढे संध्याकाळचं कालवण. भिंतीपलीकडे कुणी सशांसाठी फासे लावले, तर तेही हा कापून आणायचा. ते त्याचं काम नसताना!

आणि बोलेल तसं करायचा. शेजारच्या सुखदेव इंगळेला त्याने एकदा बजावलं, "परत दिसलास तर गळ जप्त करीन." परत दिसला, तर दारात जाऊन गळ जप्त. मग म्हणाला, "आता दिसलास तर चौकीवर नेईन." सुखदेवला वाटलं, शेजारी आहे, भिंतीला भिंत लागून घर, कशाला नेतोय? नेलं. सुखदेव दिवसभर चौकीच्या बाकावर बसून होता, आणि त्याची बायको सुंदराबाई बाहेर उन्हात. संध्याकाळी सोडलं त्याला, झालं काही नाही, पण त्या दिवसापासून इंगळ्यांच्या घरातून घाडींच्या घरात वाटीभर साखरही गेली नाही. सुखदेव पुढे किडनीच्या दुखण्याने गेला. राजाराम मयताला गेला होता. सगळ्यात मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परत आला.

त्याची बायको होती तोवर हे सगळं निभावलं. माधुरी बोलकी बाई. नवऱ्याने सकाळी तोडलेली माणसं ती संध्याकाळी नळावर जोडून यायची. ती गेली आणि राजारामच्या लक्षात आलं की आपल्याला माणसांशी बोलता येतच नाही. येतं ते एवढंच: "ए, कोण रे तिकडे? परवाना आहे का?" नोकरीत असताना तेवढं पुरलं. रिटायर झाल्यावर कुणाला विचारणार परवाना? मुलगी ऋतिका कांदिवलीला दिलेली. दर रविवारी फोन करायची. "बाबा, जेवलात? औषध घेतलं? मग ठेवू?" ती बिचारी दोन मुलं आणि नोकरी सांभाळून करायची, तिला काय बोल लावणार? राजाराम "हो, हो, ठेव" म्हणायचा. आठवड्याचं बोलणं तिथे संपलं.

अशात एके सकाळी सुंदराबाईची बकरी त्याच्या वाडीत शिरली.

टिकली तिचं नाव. अंगाने काळी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि वागायला महाचावट. मुलुंडमध्ये टॉवर उभे राहिले, लिफ्टला आरसे आले, पण आमच्या वस्तीत बकऱ्या अजून घरच्यासारख्या फिरतात. कुणाच्या ओट्यावर बसतील, कुणाचा वाळत घातलेला परकर चघळतील. टिकलीने फाटकाच्या फटीतून अंग काढलं आणि लाल माठाचा अख्खा वाफा साफ केला. राजाराम आंघोळ करून बाहेर येतो तर ही समोर उभी, तोंडातून लाल देठ लोंबतायत.

"इलंस गो?" तो एकदम मालवणीत म्हणाला. माधुरी गेल्यापासून त्याच्या तोंडातून मालवणी निघाली नव्हती. निघाली ती बकरीशी.

त्याने तिला शेवग्याला बांधलं. आता हे बांधणं काय ते नीट सांगायला हवं. त्याच्या गावी रीतच आहे, दुसऱ्याचं जनावर आपल्या वाडीत शिरलं तर त्याला मारायचं नाही, दगड घालायचा नाही, बांधून ठेवायचं. मग मालक येतो. तो दोन शिव्या घालतो, आपण चार घालतो, मग तो खळ्यात, म्हणजे अंगणात, बसतो, तांब्याभर पाणी पितो, भाताचं काय, मुलाचं काय असं बोलणं निघतं, आणि ऊन कललं की जनावर सोडून घेऊन जातो. राजारामच्या बापाचे अर्धे मित्र असे गुरं सोडवायला आलेलेच होते.

सुंदराबाई आली. मुलुंडच्या एका सोसायटीत तीन घरांचा स्वयंपाक करते ती, हाताला अजून कणीक लागलेली. फाटकात उभी राहून म्हणाली, "साहेब, बकरी सोडा."

"सोडा काय, सोडा? माझा माठ खाल्ला तिने! जनावर पाळायचं तर दावं बांधायला नको?"

"जनावर हाय ते, त्याला काय कळतं तुमचं आणि आमचं? आणि फाटकाला तुमच्या एवढी फट, हत्ती जाईल त्यातून!"

"फट माझ्या फाटकाला आहे, मी काय करायचं ते बघीन!"

"मग बघा ना! बकरीला कशाला बोलता?"

असं बरंच चाललं. बोलता बोलता राजाराम आत गेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला. सुंदराबाईने ग्लासाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "घाई आहे, कामावर जायचंय," म्हणाली, आणि बकरी सोडून घेऊन गेली. ग्लास राजारामने स्वतःच रिकामा केला. ओरडून ओरडून घसा बसला होता. आणि कितीतरी दिवसांनी त्याला सपाटून भूक लागली.

पुढच्या खेपेला टिकली आली ती आपली आपण. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र राजारामने फाटकाची कडी लावली नव्हती. विसरलो, असं तो स्वतःशी म्हणाला. मग एकदा शेवग्याचा पाला तोडून फाटकाच्या आत पसरून ठेवला. तो कशाला? तर म्हणे वाळवायला! वाळवून काय करणार होता, देव जाणे. माठ पुन्हा उगवायला वेळ लागणार आणि बकरीने खाल्लं तरी काय, असं सुंदराबाईने विचारलं तर उत्तर हवं ना. तेव्हा हा गडी बाजारात गेला आणि मेथीच्या जुड्या घेऊन आला.

भाजीवाला नंदकिशोर एक नंबरचा चौकस. "काय साहेब, एकट्याला एवढी मेथी? लग्नबिग्न आहे की काय घरात?"

"तुला काय करायचंय? वजन कर."

"जुडीला वजन नसतं, साहेब," नंदकिशोर म्हणाला आणि खो खो हसला.

त्या जुड्या राजारामने रिकाम्या वाफ्यात खोचून ठेवल्या. हसू नका. आयुष्यभर ज्याने लोकांचे गळ जप्त केले, तो म्हातारपणी मेथी लावून बकरीची वाट बघत बसला होता. आणि बकरी यायची! बांधली की तो तिच्याशी बोलायचा. "खंय होतंस गो दोन दिवस? तुझी मालकीण आज रागात आसा की बरी आसा?" टिकली मेथी चघळत कान हलवायची. मग फाटक वाजलं की हा चेहरा कडक करायचा, छाती पुढे काढायचा आणि सुरू व्हायचा.

पण गंमत किती दिवस टिकणार? सुंदराबाईचं बोलणं हळूहळू कमी झालं. आधी ती उलटून बोलायची. मग नुसतं "चुकलं साहेब" म्हणू लागली. मग तेही नाही. यायची, खाली मान घालून गाठ सोडायची, जायची. राजाराम मागून ओरडत राहायचा, "मेथी खाल्ली! ऐकलं का? मेथी!" पण ओरडणं एकट्याचं झालं की त्यात काय जीव? पाण्याचा ग्लास तो दर वेळी भरून ओट्यावर ठेवायचा. तो तसाच राहायचा.

आणि मग त्याने माती खाल्ली. तिने काहीतरी बोलावं, रागाने का होईना, दोन शब्द टाकावेत म्हणून हा माणूस म्हणाला, "सुंदराबाई, परत ही बकरी वाडीत दिसली तर मी कोंडवाड्यात देईन! गाडी बोलावीन पालिकेची!"

सुंदराबाईचा गाठीवरचा हात थांबला. तिने वर बघितलं. राजारामला वाटलं, आता भांडणार. आता म्हणणार, बघू कशी बोलावता गाडी! तो उत्तर तयार ठेवून उभा होता. पण ती टिकलीला ओढत, जवळजवळ पळवत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी टिकली आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. राजारामने ताजी मेथी आणली. नंदकिशोर काहीतरी बोलला, त्याच्याकडे ह्याचं लक्ष नव्हतं. फाटक सताड उघडं टाकून तो ओट्यावर बसून राहिला. दुसऱ्याच कुणाच्या तरी कोंबड्या आल्या, मिरचीची माती उकरून गेल्या. त्यांना त्याने हाकललंसुद्धा नाही. मेथी उन्हात सुकली. आजारी पडली असेल का बकरी? पोटुशी असेल का? भिंतीवरून वाकून बघावं असं त्याच्या फार मनात आलं, पण दुसऱ्याच्या घरात वाकून बघणं त्याच्या नियमात बसत नव्हतं.

रविवारी ऋतिकाचा फोन आला. "बाबा, जेवलात?" 

"शेजारची बकरी आली नाही गं चार दिवस," तो म्हणाला.

"बरं झालं की! सुटलात. मागे तुम्हीच सांगत होता, भाजी खाते म्हणून." पलीकडे मुलांचा गोंधळ चालला होता. "औषध घेतलं ना? मग ठेवू?"

"ठेव."

सोमवारी सकाळी सुंदराबाई आली. एकटीच. फाटक उघडं होतं तरी आत आली नाही, बाहेरूनच म्हणाली, "साहेब, बकरी दिली मी बहिणीकडे धाडून. वांगणीला. म्हटलं, तुम्हाला सांगावं. आता तुमच्या वाडीला काही त्रास नाही होणार."

राजाराम उठून उभा राहिला. "दिली? कशाला दिली?"

"तुम्ही गाडी बोलावणार म्हणाला ना."

"अहो, ते मी... बोलायचं म्हणून बोललो मी."

"तुम्ही बोलायचं म्हणून नाही बोलत, साहेब," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. "इंगळ्यांना बी तुम्ही बोलला होता, आणि केलंत. तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी, नियम असतो. पण मला बकरीला कोंडवाड्यात बघायचं नव्हतं." मग म्हणाली, "आमच्या गावाला आमचं जनावर कुणी बांधलं ना, की घरात चूल पेटायची नाही. माझ्या बापाची शेळी एकदा बांधली होती पाटलाच्या माणसांनी. बापाला दिवसभर दारात उभं केलं, हात जोडून. पाणीसुद्धा वरून ओतलं ओंजळीत. मी लहान होते, त्याचं बोट धरून उभी. तुम्ही टिकलीला बांधायचे आणि ग्लास आणून ठेवायचे, तेव्हा मला रोज तेच आठवायचं. जाऊ द्या. आता मिटलं."

तिने हात जोडले आणि गेली.

राजाराम परत ओट्यावर येऊन बसला. त्याच्या गावी पाणी देणं म्हणजे बस म्हणणं. तिच्या गावी पाणी देणं म्हणजे हे. आणि तो रोज ग्लास घासून, पुसून, भरून ठेवत होता! शरमेने त्याचे कान तापले. कुणी त्याला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. खरंच बरं वाटलं असतं.

दोन दिवस त्याने घरात येरझाऱ्या घातल्या. मग ठरवलं, जायचं आणि सांगायचं. काय सांगायचं ते त्याने चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर उभं राहून मोठ्याने म्हणून बघितलं. आधी मालवणीत, कारण खरं तेवढं मालवणीतच बोलता यायचं त्याला. "बाय गो, माका भांडूचा नव्हता. माका कोण बोलणारा नाय, म्हणान मी तुझ्या बकरेक बांधी." मग तेच तिला कळेल असं. "सुंदराबाई, मी तसं बांधत नव्हतो. बकरी आणा परत. वाडी खाल्ली तर खाऊ दे. येत जा. बसत जा." एवढंच तर म्हणायचं होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. केस विंचरले. वाडीतला एक दुधी काढून पिशवीत घातला, मग वाटलं लाच दिल्यासारखं दिसेल, म्हणून परत ओट्यावर ठेवला. रिकाम्या हाताने गेला.

इंगळ्यांचं दार म्हणजे त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, तेही बारक्या हाकेच्या. इतक्या वर्षांत तो त्या दारात एकदाच उभा राहिला होता, गळ जप्त करायला. सुंदराबाई कामावरून नुकती आली होती. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून लसूण सोलत होती. दारात सावली पडली तशी तिने मान वर केली, आणि ह्याला बघताच सगळं टाकून ताडकन उठली. पदर सारखा केला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं, साहेब? आता काय चुकलं?"

राजारामने तोंड उघडलं. गॅससमोर म्हटलेलं सगळं गळ्यापर्यंत आलं होतं. पण तिने चूक विचारली होती. आणि समोरचा माणूस असा घाबरून, हात पुसत, चूक विचारत उभा राहिला की काय बोलायचं ते त्याच्या जिभेला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

"टीव्ही," तो म्हणाला. "तुमच्या टीव्हीचा आवाज फार येतो संध्याकाळचा."

म्हटलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. नाही, नाही, हे नाही, असं त्याला ओरडायचं होतं. त्याने हातसुद्धा पुढे केला. पण ती केव्हाच मान डोलवत होती.

"आजपासून नाही येणार, साहेब. बारीक ठेवते एकदम. तुम्ही कशाला चालत आलात एवढं? परत यायची वेळ नाही आणणार मी."

आणि तिने दार लोटून घेतलं. आपटलं नाही. हळूच, आवाज होणार नाही असं लोटलं.

राजाराम घरी आला आणि वाडीत खुर्ची टाकून बसला. संध्याकाळ झाली. रोज ह्या वेळी इंगळ्यांच्या भिंतीपलीकडून मालिका सुरू व्हायची. तो कधी ती बघायला गेला नव्हता, पण इथे बसून ऐकून ऐकून त्याला घरातली सगळी माणसं ठाऊक झाली होती, सासू कोण, धाकटी सून कोण, कोणाचं कोणाशी पटत नाही. माधुरी गेल्यावर तो जेवायला बसायचा तोसुद्धा त्या आवाजाच्या सोबतीने. आज सुंदराबाईच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड हलत होता. आवाज मात्र काही केल्या येत नव्हता. राजारामने खुर्ची भिंतीपाशी सरकवली, मग आणखी जवळ सरकवली, आणि विटेला कान लावून बसून राहिला.